सोनकांबळे बाईंचं कोरं पोतं

सोनकांबळे बाईंना कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. चहा दिला की तो भराभर पिऊन टाकायच्या आणि कपाचा तळ वाचायच्या. माझ्या लग्नाला उदगीरला आल्या होत्या, तेव्हा पंगतीत वाढप सुरू व्हायच्या आत त्यांनी स्टीलचं ताट डोक्याच्या वर धरून खालून निरखलं. माझ्या सासूबाईंना वाटलं, ताट नीट घासलेलं नाही. त्यांनी लगबगीने दुसरं आणून दिलं. बाईंनी तेही उलटं केलं. "दोन्ही एकाच गावची हायेत," असं शेजारच्या अनोळखी बाईला समाधानाने सांगून मग त्यांनी भात वाढून घेतला. माझ्या सासुरवाडीत आजही त्यांचा विषय 'त्या ताटवाल्या बाई' असाच निघतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मात्र शाळेच्या पटांगणात, गुडघ्यांवर बसलेलं. मुदखेडपासून थोडं आत बोरखडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी रुजू व्हायला गेलो, तर सहावी-सातवीची मुलं पटांगणाच्या कडेने उभी आणि मधोमध एक बाई रिकाम्या पोत्यांच्या ढिगात काहीतरी शोधताहेत. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. शाळेत बाकं होती ती आठवीपुरती. बाकीची मुलं बसायला घरून पोतं आणत. साखरेचं, खताचं, सिमेंटचं, घरात जे रिकामं होईल ते. त्या पोत्यांवरची छपाई बाई एकेका मुलाकडून मोठ्याने वाचून घेत होत्या.

जमिनीवर फक्कीने भारताचा भलामोठा नकाशा आखलेला होता. पश्चिमेला पाण्याची टाकी होती म्हणून टाकीकडची बाजू अरबी समुद्र. वाचून झालं की ज्या गावचं पोतं, त्या गावी ते अंथरून मुलाने बसायचं. खताच्या पोत्यावरची मुलं गुजरात आणि आंध्रच्या किनाऱ्याला चिकटून बसली होती. तांदळाची तेलंगणात, साखरेची सोलापूर-कोल्हापूरकडे. सिमेंटवाला एकजण चंद्रपूरला ऐटीत मांडी घालून बसला होता, कारण त्याच्याकडे घराचं बांधकाम चालू होतं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नवे सर का? गाव कुठलं?"

"उदगीर."

"वडील काय करतात?"

"आडत दुकान आहे. धान्याचं."

"मंग लई बरं झालं," त्या हात झटकत उठल्या. "आता सांगा, तुमच्या उदगीरचं पोतं ह्या ढिगात कामून न्हाई?"

मी हसलो. मला वाटलं, नव्या माणसाची गंमत करताहेत. पण त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या आणि त्यांच्यामागे अख्खा भारत मान वळवून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याच म्हणाल्या, "असू द्या. बघून येऊ."

'बघून येऊ' हे बाईंचं हुकमी उत्तर होतं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही याची आम्हा मास्तर लोकांना केवढी लाज वाटते! आम्ही आवाज चढवतो, नाहीतर मुलालाच विचारतो की तू घरून काय वाचून आलास. बाईंचा चेहरा अशा वेळी उजळायचा. जणू कुणीतरी जत्रेला चल म्हटलंय.

त्याच दिवशी मी अंजलीलाही पहिल्यांदा पाहिलं. सगळे आपापल्या गावी जाऊन बसले तरी सहावीतली एक उंचेली मुलगी पोतं छातीशी धरून उभीच होती.

"बाई, माझ्या पोत्यावर काहीच न्हाई. मी कुठं बसू?"

बाईंनी पोतं घेतलं, उलटं केलं, आतली बाजू बाहेर काढली. तागाचं साधं पोतं, दोन्ही अंगांनी कोरं. नाकाशी नेलं तर हळदीचा वास. अंजलीच्या आजोबांच्या शेतातली हळद अशाच पोत्यांत भरून बाजाराला जायची, त्यातलं उरलेलं हे एक.

"हे आपल्याच गावचं की. बस इथं," बाईंनी नांदेडच्या जागी बोट दाखवलं.

अंजली बसली. इकडेतिकडे पाहिलं. "बाई, इथं मी एकलीच हाय."

"हाव. आन नाव बी न्हाई," बाई म्हणाल्या आणि पुढचा सगळा तास त्या पोत्याकडे बघत राहिल्या. माल इथून जातो, मग त्यावर गावाचं नाव का नसतं, हा प्रश्न त्या दिवशी त्या वर्गाच्या मागे लागला आणि हळूहळू माझ्याही.

तोवर माझी समजूत अशी, की भूगोल म्हणजे पिकं आणि खनिजं यांच्या याद्या. परीक्षेआधी पाठ कराव्यात, नंतर विसराव्यात. कोणत्या राज्यात कोळसा, कोणत्या राज्यात लोखंड. बाईंना याद्यांचं वावडं नव्हतं, पण त्या यादीवर विश्वास ठेवायच्या आधी तिची उलटतपासणी घ्यायच्या. एकदा वर्गात खनिजांचा धडा चालू होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, मंग झारखंडवाले लई श्रीमंत असतील." तेव्हा मुदखेडच्या बाजूला रेल्वेचं काम चालू होतं आणि रुळांच्या कडेला झारखंडहून आलेल्या मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. बाईंनी पुस्तक मिटलं. "बघून येऊ."

मुलांची रांग घेऊन आम्ही तिकडे गेलो. मी सोबत गेलो तो मुख्याध्यापकांनी 'पोरं रुळावर जाऊ देऊ नका' असं बजावलं म्हणून. मुलांनी आपल्या मोडक्या हिंदीत एका मजुराला गाठलं आणि विचारलं, "आपके यहाँ कोयला है, लोहा है, तो आप इधर कायको आये?" तो माणूस आधी मनापासून हसला. मग म्हणाला, "कोयला गाड़ी में बैठ के निकल गया, हम भी निकल गये." शाळेत आल्यावर बाई म्हणाल्या, "आता उघडा पुस्तक. आता ते समजंल."

बाईंचे वडील रेल्वेत गँगमन होते. मुदखेड जंक्शनजवळच बाईंचं लहानपण गेलं. मालगाडी थांबली की ही पोर वडिलांना विचारायची, ही कुठून आली, कुठं चालली, आत काय हाय. वडिलांची अक्षरओळख जेमतेम, पण डब्यांवरच्या खुणा ओळखता यायच्या. हा कोळसा, हे मीठ, हा गहू. घरात पहिल्यांदा शिकलेली ती मुलगी. भूगोलाची पदवी घेतली तेव्हा वडील म्हणाले होते, "आता गाडीला तूच विचारत जा." मनगटावरचं ते मोठं घड्याळ त्यांचंच. निवृत्तीनंतरही ते रुळाशेजारच्या घरातच राहत होते, बाई त्यांच्याजवळ राहून रोज बोरखडीला येत-जात. त्यांचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं. त्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या की त्या माणसाला प्रश्नांची सवय नव्हती.

हळदीचा तपास पुढच्या वर्षी, अंजली सातवीत असताना रंगला. मुलं हळदीच्या मागोमाग नांदेडच्या बाजारात जाऊन आली. तिथल्या व्यापाऱ्याने सांगितलं, की माल इथून सांगलीकडे जातो, दक्षिणेत जातो, तिकडे दळतात, तपासतात, पुड्या भरतात. मुलांनी आपापल्या घरच्या हळदीच्या पुड्या आणून उलट्या केल्या. एकीवरही आपल्या तालुक्याचं नाव नव्हतं. हळद उगवायची दारात आणि फोडणीला पडायची परगावची, हे कळल्यावर वर्ग संतापला. शाळेची आनंदनगरी जवळ आली होती, म्हणजे मुलांनी घरून पदार्थ आणून विकायचे तो दिवस. ठरलं, की यंदा बोरखडीची हळद दळायची, पुड्या भरायच्या आणि वर गावाचं नाव घालायचं. मजकूर लिहायचं काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. मी दोन रात्री खपून विशेषणं जमवली. बाईंनी ती सगळी खोडली आणि 'हळद, बोरखडी' एवढंच ठेवलं. मला राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

हळद दळायला गावात एकच जागा, माणिकअप्पांची पिठाची गिरणी. अप्पा भला माणूस, लेकरांचं काम म्हणून लगेच तयार झाले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, बाईंनाही नाही. गिरणी असते, तिच्यात दळतात, एवढंच आमचं ज्ञान. हळद दळली गेली. सुंदर रंग आला. पुढच्या दिवसापासून गावात प्रत्येक घरी ज्वारीची भाकरी पिवळी होऊ लागली.

अप्पांनी गिरणी झाडली, पुसली, कोंडा घालून फिरवली. काही उपयोग नाही. वर कडक हळकुंडांनी जात्याची धार गेली, दगडी पाटे काढून त्यांना छिन्नीने टाकी लावून घ्यावी लागली. कुणाच्या घरी औशाकडचे पाव्हणे आले होते, त्यांनी भाकरी हातात घेऊन विचारलं, "मक्याची का?" घरच्यांनी 'हाव' म्हणून वेळ मारून नेली. बायका शाळेच्या फाटकाशी येऊन बाईंना हाका मारू लागल्या. बाई घरोघर गेल्या, माफी मागितली आणि प्रत्येक घरी ती पिवळी भाकरी मागून खाल्ली. अप्पांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या तेव्हा अप्पा म्हणाले, "बाई, माझं जातं दगडाचं हाय, त्याला भूगोल शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं चेहरे पाडून बसली होती. बाईंनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. "हळद आपली, मंग दळण परगावी कामून होतं? आता सांगा. काल भाकर खाल्लीय सगळ्यांनी." मुलं सांगू लागली. हळदीला वेगळी गिरणी लागती. लाईट न जाता टिकायला पाहिजे. चाळणी बारीक पाहिजे. माल तपासणारं माणूस पाहिजे, पुड्या छापणारं पाहिजे, चांगला रस्ता पाहिजे. बाईंनी रेघेच्या डाव्या बाजूला लिहिलं, 'जमिनीनं दिलेलं'. उजव्या बाजूला, 'माणसांनी केलेलं'. मुलांनी एकेक गोष्ट कुठे लिहायची ते सांगायचं. काळी माती डावीकडे, गोदावरी डावीकडे, ऊन डावीकडे. रस्ता, वीज, गिरणी, शाळा उजवीकडे. उजवी बाजू खाली भिंतीपर्यंत आली तरी संपेना. देश कशाने पुढे जातो हे मी तोवर पुष्कळ भाषणांत ऐकलं होतं, पण ते असं दोन बाजूंना मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सिमेंटच्या पोत्यावरचा मुलगा म्हणाला, "बाई, रेल्वे डाव्या बाजूला लिहा."

"कामून?"

"ती पहिल्यापासूनच हाय. आमच्या आज्याच्या बी आधीपासून."

जंक्शनच्या शेजारी वाढलेल्या मुलालाच हे सुचावं. नदी असते, डोंगर असतो, तशी रेल्वे असते. वर्गही त्याच्या बाजूने झाला. बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी खडू खाली ठेवला. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मुलांना आपल्या घरी वडिलांकडे नेलं. म्हाताऱ्याने मुलांना आपले तळहात दाखवले, हातोड्याने पडलेले घट्टे दाखवले. म्हणाला, "लेकरांनो, ही पटरी उगवली न्हाई. उन्हाळ्यात ती फुगती, हिवाळ्यात आखडती. रोज कुणीतरी चालत जाऊन बघावं लागतं, तवा गाडी येती." सोमवारी त्या मुलाने स्वतः उठून रेल्वे पुसली आणि उजवीकडे लिहिली.

मग अंजलीने विचारलं, "बाई, माणसं कोणत्या बाजूला लिहायची?"

बाई खडू धरून उभ्या राहिल्या. फळ्याकडे पाहिलं, अंजलीकडे पाहिलं.

"विचार करून राहिले," त्या म्हणाल्या. "मला आत्ता न्हाई सांगता येत."

अंजली हे का विचारत होती, ते मला मधल्या सुट्टीत कळलं. तिचे वडील पुण्याजवळ एका कारखान्यात होते, दिवाळीला आणि लग्नसराईत तेवढे गावी यायचे. आता त्यांनी तिकडे खोली घेतली होती आणि उन्हाळ्यात अंजली, तिची आई आणि धाकटा भाऊ असे सगळेच जाणार होते. जमीन चांगली, पाणी आहे, हळद पिकते. मग पप्पा तिकडे का, हा तिचा खरा प्रश्न होता. तो तिने रेघेच्या दोन बाजूंत घालून विचारला होता.

ही बातमी ऐकून आमचे मुख्याध्यापक जाधव सर अस्वस्थ झाले. शाळेचा पट आधीच घसरत होता. एकेक कुटुंब पुण्याला, हैदराबादला जात होतं. पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात. आणखी दोन लेकरं गेली की वरच्या वर्गांतली एक जागा कमी होणार होती आणि ती बाईंची असणार होती. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे जावं लागतं. नांदेड जिल्हा केवढा पसरलेला! बाईंच्या वडिलांना दम्याचा त्रास होता, आणि रुळाशेजारचं घर सोडायला ते तयार नव्हते.

जाधव सर बाईंना म्हणाले, "अंजलीची आई तुमचं ऐकती. इथं काय वाईट हाय, एवढंच समजावून सांगा. एक वर्ष निघालं तरी पुरं." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना बाई हव्या होत्या. मलाही हव्या होत्या, म्हणून त्या संध्याकाळी बाईंबरोबर अंजलीच्या घरी मीही गेलो.

अंजलीच्या आईने चहा केला. बाईंनी या वेळी कप उलटा केला नाही, हे माझ्या लक्षात आलं. आईनेच विषय काढला. "बाई, तुम्हीच सांगा. ही पोरगी रोज डोकं खाती. म्हणती, बाई म्हणल्या तरच जायचं. जावं का आम्ही?"

अंजली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी बाईंकडे पाहत होतो. एक 'नको' पुरेसं होतं. पट टिकला असता, जागा टिकली असती, बाईंच्या म्हाताऱ्याजवळ माणूस राहिलं असतं.

"जा," बाई म्हणाल्या. "आठवीच्या पुढं हिला रोज मुदखेडला जावं लागंल. बस कवा येईल कवा न्हाई, मी रोज भोगून राहिले. तिकडं बाप रोज घरी येईल, शाळा जवळ राहील. आज घडीला तेच बरं हाय. जा." मग अंजलीकडे वळून म्हणाल्या, "पर तू जाऊन राहिलीस ते आपलं गाव वाईट हाय म्हणून न्हाई. काळी माती कमी न्हाई पडली. उजव्या बाजूचं कमी पडलं. ते माणसांनी करायचं असतं, आन ते अजून करता येतं. एवढं ध्यानात ठेव."

परतताना मी चिडलो होतो. म्हणालो, "बाई, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. थोडं गोल बोलला असता तर काय बिघडत होतं?"

त्या चालता चालता थांबल्या. बाईंना रागावलेलं मी तेवढ्या एकदाच पाहिलं. "सर, माझी जागा टिकावी म्हणून पोरीला चुकीचा नकाशा दावू का?" मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

अंजली गेली. पट उतरला. बाईंना देगलूर तालुक्यातली शाळा मिळाली, पार सीमेकडची. वडील म्हणाले, "देगलूरला रेल्वे न्हाई. गाडीचा आवाज नसंल तर मला झोप कशी लागंल?" ते मुदखेडलाच राहिले. शेजारच्या घरी डबा लावला, आणि बाई दर शनिवारी बसने येऊन सोमवारी पहाटे परत जायच्या, असं ठरलं.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि जाधव सरांचं भाषण झालं. माणिकअप्पा गिरणी बंद ठेवून आले होते. भाषण संपल्यावर अंजलीच्या वर्गातली मुलं एक घडी घातलेलं पोतं घेऊन पुढे आली. अंजली जाताना ते शाळेत ठेवून गेली होती, 'बाईंना द्या' म्हणून. बाईंनी घडी मोडली. सवयीने उलटं केलं. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचा निळा ऑइलपेंट असतो, त्याने तिने पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : बोरखडी, ता. मुदखेड, जि. नांदेड.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं, मुलांकडून वाचून घ्यायच्या तसं. "छपाई जरा वाकडी हाय," त्या म्हणाल्या, आणि मग पोत्यात तोंड लपवून रडल्या. मुलं घाबरली. मीही पाणी पिऊन येतो म्हणून टाकीकडे गेलो.

त्यानंतर आमचं बोलणं फोनवर व्हायचं. बहुतेक वेळा त्या कशाचा तरी तळ वाचून दाखवायच्या. गेल्या हिवाळ्यात मी उदगीरला घरी निघालो होतो, तेव्हा देगलूरच्या पुढे त्यांच्या गावच्या फाट्यावर मुद्दाम उतरलो. दुसरी बस तासाभराने होती, तेवढ्यात भेटून यावं असा बेत.

पटांगणात फक्कीचा नकाशा होता. तीच पोती, तीच ओरड. इथली मुलं मराठीत तेलुगू आणि कानडी मिसळून भांडत होती. बाईंचे केस पिकले होते, बूट तेच. मला पाहून त्यांनी नुसता हात वर केला आणि कोकणात बसलेल्या मुलाचं पोतं तपासत राहिल्या. माझं लक्ष नांदेडच्या जागेकडे गेलं. तिथे ते पोतं अंथरलेलं होतं, निळी अक्षरं वर करून. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"इथं कुणी बसत नाही का?" मी जवळच्या मुलीला विचारलं.

"त्या गावचं काही सांगता येत असंल तरच बसायचं," ती म्हणाली. "आम्हाला न्हाई येत. बाई म्हणल्या, कुणीतरी येईल."

बाई पाठमोऱ्या होत्या. मी चपला काढल्या आणि जाऊन त्या पोत्यावर बसलो. हळदीचा वास अजून होता, किंवा मला तसं वाटलं. तेलंगणातून, किनाऱ्यावरून, चंद्रपुरातून मुलांच्या माना वळल्या.

"सर, तुमच्या गावातून काय जातं?" त्या मुलीने विचारलं.

"हळद," मी म्हणालो. "केळी. सोयाबीन."

"आजून?"

"माणसं जातात. पुण्याला."

"कामून?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या आता वळल्या होत्या, पण मदतीला येण्याचं काही चिन्ह दिसेना. हातातल्या पोत्याची घडी घालत त्या उत्तराची वाट बघत होत्या, पहिल्या दिवशी बघत होत्या तशाच. फाट्यावर उदगीरच्या बसचा हॉर्न वाजला. मुलांनीही तो ऐकला आणि आता हे सर उठून जातील म्हणून ती माझ्याकडे बघू लागली.

मी मांडी नीट घातली आणि अंजलीपासून सांगायला सुरुवात केली.